इंग्रजी नाटकांच्या व्याख्यानाला धाकटी आली तेव्हा

रोह्याला ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर दरवर्षी थंडीच्या दिवसांत व्याख्यानं होतात. कधी मधुमेहावर, कधी गांडूळखतावर, कधी कुणी हिमालयात चालून आलेले असतात, ते फोटो दाखवतात आणि दमल्याचं सांगतात. पण गेली काही वर्षं त्यातल्या तीन-चार संध्याकाळी इंग्रजी नाटकांना जातात. तीही आजची नाटकं नव्हेत, कित्येक शतकांपूर्वीची. राजे, राण्या, तलवारी, विषाचे पेले. नाटक इंग्रजी, सांगणं मराठीत.

ती सांगणारे सर मूळचे विदर्भातले. इथे कंपन्या आल्या, कॉलनी वसली, त्या कॉलनीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले. निवृत्त झाल्यावर बरोबरचे सगळे आपापल्या गावी परतले, हे नाही गेले. कॉलनीतल्या माणसांना आम्ही अजून ‘बाहेरचे’ म्हणतो. त्यांची पोरं इथे जन्मली, इथे नोकरीला लागली, तरी बाहेरचेच. ते आम्हाला ‘लोकल’ म्हणतात. व्याख्यानाला सगळे एका छताखाली बसतात खरे, पण खुर्च्या बघितल्या की कळतं. पुढे कॉलनी, मागे लोकल. मी आपली मधे, खांबाच्या आड. तिथून सर अर्धेच दिसतात, पण ऐकू पूर्ण येतं.

माझं शिक्षण चौथी. माहेर पेणच्या खाली, खाडीच्या अंगाला. बाप मिठागरावर, आई मिठागरावर, आणि मिठाचा हंगाम लागला की आम्हा पोरांची शाळा आपोआप सुटायची. सुटली ती एकदा कायमची सुटली. वाचायची गोडी लागली लग्नानंतर, निडीच्या बाजूला सासरी आल्यावर. मालकांनी ग्रंथालयात नाव घालून दिलं आणि म्हणाले, “वाच काय वाचायचंय ते, फक्त भात करपवू नको.” भात पुष्कळदा करपला. पण पुस्तकं वाचली. इंग्रजी मात्र मला अजून येत नाही. सर एखादा उतारा आधी इंग्रजीत म्हणून दाखवतात, तेव्हा मी डोळे मिटून नुसती चाल ऐकते. रडणं आहे का भांडण, हे चालीवरून कळतं.

गावातल्या बाया मला हसायच्या. “काय गो, इंग्लंडातला कोण मेला आज?” असं पाणवठ्यावर, दुकानात, कुठेही. मीही सांगायची, “आज राजा मेला, त्याचा भाऊ मेला, उद्या राणीची पाळी हाय.” त्यांना मजा वाटायची. मलाही.

ही मजा आमच्या घरात मरण आलं तोवरची.

माझी जाऊ, माझ्या धाकट्या दिराची बायको, तिला घरात सगळे धाकटीच म्हणतात. आता तीही पन्नाशीची झाली. तिला एकच मुलगा. कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख होती, त्यासाठी घरावरचे पत्रे काढून स्लॅब घालायचं चाललं होतं. भाताची लावणी संपत आली होती त्या दिवसांत. दुपारची शिफ्ट होती त्याची. आम्ही शेतातून वर येत होतो तेव्हा कंपनीकडून आवाज झाला. इथे आवाज होतात अधूनमधून, तेव्हा कुणी मान वर करत नाही. त्या दिवशी धाकटीने केली. चिखलाच्या पायांनी तशीच उभी राहिली आणि म्हणाली, “बाय, हा आपल्यातला.” मला ती बाय म्हणते.

आत दोनच पोरं होती. एक आमचा, दुसरा ओडिशाकडचा, त्याच्याच वयाचा. दोघेही गेले. दवाखान्यातून आमच्याकडे पेटी आली ती बंद. खिळे मारलेली. बरोबरच्या माणसाने माझ्या दिराला बाजूला घेऊन सांगितलं, “उघडू नका. बघण्यासारखं नाही.” दिराने मान हलवली. बाप्या माणसांनी मिळून ठरवलं आणि पेटी तशीच नेली. आमच्याकडे रीत अशी, की आईने शेवटचं तोंड बघायचं, तुळशीचं पान आणि पाण्याचा थेंब तोंडात घालायचा. धाकटी वाटी घेऊन उभीच राहिली. शेवटी कुणीतरी तिच्या हातातली वाटी घेतली आणि पाणी पेटीवर ओतलं.

तरी ती त्या दिवशी बोलत होती. आल्यागेल्याला पाणी दे म्हणून सांगत होती.

बोलणं तुटलं ते दहाव्याला. नदीवर पिंड ठेवला आणि माणसं मागे सरली. आता किती वेळ लागतो, काय काय कबूल करावं लागतं, या विचाराने दीर आधीच रडवेला झाला होता. तरणा पोर गेलेला, लग्न राहिलेलं, घर अर्धं. अशा वेळी कावळा दुपारपर्यंत ताटकळवतो हे आम्ही बघितलेलं आहे. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववावा लागतो. पण इथे माणसं मागे सरतात न सरतात तोच कावळा आला आणि शिवला. सगळ्यांनी हात जोडले. “सुटला पोर. मागं काय ठेवलं नाय त्याने,” असं म्हातारी माणसं म्हणाली. दिराला तर इतकं हलकं वाटलं की तो मटकन खालीच बसला.

परत येताना धाकटी माझ्या बाजूने चालत होती. हळूच म्हणाली, “बाय, तो माझा नव्हता.”

मी म्हटलं, “काय बोलतेस गो?”

“माझा पोर कधी असा गेलाय? कामावर निघायचा तर तीनदा परत यायचा. मोबाईल राहिला, डबा राहिला, मग नुसताच यायचा, आई जातो गो म्हणायला. त्याचं लगीन राहिलंय, घर राहिलंय, आणि एका हाकेत जाईल तो? ज्याचं हितं काय नव्हतं तो गेला. पेटीत तो परका पोर होता. त्याला काय अडकवणार होतं हितं?”

  कावळा शिवला नाही म्हणून रडणाऱ्या आया मी बघितल्या होत्या. कावळा शिवला म्हणून उद्ध्वस्त झालेली ही पहिलीच.

घरी येऊन तिने दिराला तेच सांगितलं. तो ओरडला. “म्हणजे मी दुसऱ्याच्या पोराला आग दिली? तोंड बंद ठेव!” तिने ठेवलं. पार दिवाळी उलटून गेली तरी ठेवलं. जेवण दिलं तर दोन घास खायची, उठ म्हटलं तर उठायची. पेटी उघडू दिली नाही म्हणून दिराचं तोंड बघायची नाही. तो अंगणात बसला की ही मागच्या दाराला. एका घरात दोन माणसं अशी कुढत मरणार, हे मला दिसत होतं. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, देवऋषी झाला. मला विचाराल तर तिला एकच गोष्ट हवी होती, नक्की कोण जळला ते. आणि ते आता सांगणार कोण? रक्ताची तपासणी करून ओळख पटवतात म्हणे. ती करायचं तेव्हा घाईत कुणाला सुचलं नाही, आणि आता राख खाडीला मिळाली होती.

व्याख्यानांचे दिवस आले. मी जाणार नव्हते. वर्ष सरलेलं नाही, अशा घरातलं माणूस कुठल्या कार्यक्रमाला जात नाही. पण एके दिवशी धाकटीजवळ भाजी निवडत बसले होते, आपलं काहीतरी बोलत राहायचं म्हणून सांगितलं, “आज सरांचं नाटकाचं व्याख्यान हाय. त्या नाटकांत शेवटाला सगळी मरतात बघ.”

तिने भाजी खाली ठेवली. “सगळी?”

“बहुतेक.”

“मग मागं रडायला कोण उरतं?”

मी म्हटलं, “चल, सरांनाच विचारू.” आणि ती उठून पदर सारखा करून आली. आम्ही रिक्षात बसताना शेजारची चुलत सासू ओट्यावरून म्हणालीच, “पोराचं वरीस सरलं नाय नि नाटकाला चालल्या सटव्या!” मी ओरडून सांगितलं, “नाटक नाय गो, नाटकावरचं भाषण हाय!” ती म्हणाली, “मग तर आणखीनच वाईट.”

पहिल्या दिवशी सरांनी त्या काळची रंगभूमी सांगितली. उघडं मैदान, वर आभाळ, दिवसाउजेडी खेळ, समोर पडदा नाही. “पडदा नाही म्हणजे काय अडचण होते बघा,” सर म्हणाले. “आपल्याकडे नायक मेला की पडदा पडतो, आणि मेलेला नायक आत जाऊन चहा पितो. तिथे पडदाच नाही. मेलेला माणूस लोकांसमोर पडून आहे, त्याला आता उचलायचं कसं? म्हणून लिहिणाऱ्याला लिहावं लागायचं, की याला उचला, सन्मानाने न्या. जे जिवंत उरले त्यांनी मेलेल्यांना उचलायचं, हे नाटकातच लिहिलेलं असे.” लोक हसले. धाकटी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होती. परत येताना रिक्षात मी विचारलं, “उद्या येतेस?” तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सरांनी एक फारसं कुणाला ठाऊक नसलेलं नाटक घेतलं. कुणी लिहिलं तेही नक्की माहीत नाही म्हणाले. एक राणी असते. तिचा मुलगा लढाईत पडतो. सैनिक त्याला घेऊन येतात, पण त्याच्या चेहऱ्यावर लोखंडी टोप असतो, पूर्ण झाकणारा. सेनापती म्हणतो, राणीसाहेब, टोप काढू नका, लढाईने चेहरा ठेवलेला नाही. राणी म्हणते, काढा. आणि मग ती खूप वेळ काही बोलत नाही. त्यानंतर तिचं लांबलचक बोलणं आहे, ते सरांनी आधी इंग्रजीतून म्हटलं. मी डोळे मिटले. चाल संथ होती, एखादी बाई जात्यावर बसून एकटीच बोलते तशी.

मी डोळे उघडले तर बाजूची खुर्ची रिकामी. धाकटी उभी होती.

“एक विचारू का?”

मागून आवाज आला. “ताई, प्रश्न शेवटी!” सरांनी हात वर करून त्याला थांबवलं. “विचारा.”

“त्या बाईला दाखवला?”

सरांना कळलं नाही. “काय दाखवलं?”

“पोर. तोंड उघडून दाखवला तिला?”

“हो,” सर म्हणाले. “दाखवला.”

“वळखला तिने?”

“हो. ओळखला.”

“मग बरं हाय तिचं,” धाकटी म्हणाली. “म्हणून एवढं बोलता आलं तिला. मला नाय दाखवला.”

 तिला ओळखणारे बरेच जण होते तिथे. पुढच्या रांगेतले कॉलनीवाले मागे वळून बघायला लागले, आणि एकजण मात्र वळला नाही. तो कंपनीतला साहेब होता, ग्रंथालयाच्या समितीवरचा, त्या संध्याकाळचा अध्यक्ष. गळ्यात शाल तशीच, मांडीवर नारळ. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, “आज इथेच थांबू या.” आभारप्रदर्शन झालं नाही. आमच्याकडे आभारप्रदर्शनाशिवाय कार्यक्रम संपलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

जिन्यात साहेबांनी आम्हाला गाठलं. माणूस वाईट नव्हता, उगाच का म्हणू? हातातला नारळ कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. म्हणाले, “वहिनी, मी होतो त्या दिवशी. तुमच्याकडे आला तो तुमचाच मुलगा. शंका ठेवू नका.”

“कशावरून वळखलात?”

“तुमच्या मुलाची ड्युटी पंपाजवळ होती. दुसऱ्याची वर, जिन्यापाशी. एक बॉडी पंपाजवळ मिळाली, एक जिन्यापाशी.”

“म्हणजे तोंडावरून नाय.”

“तोंडावरून...” ते थांबले. “नाही.”

धाकटीने जिन्याचा कठडा धरला. “साहेब, पंपाजवळ वास सहन होत नाय. पोरं अर्धी अर्धी शिफ्ट वाटून घेतात. जेवणाआधी एक, जेवणानंतर दुसरा. तो सांगायचा ना घरी मला. तुम्हाला नाय ठाव?”

साहेब मग म्हणाले, “नाही. कागदावर तसं नव्हतं.”

मला वाटलं आता ही कोसळेल. पण ती खाली उतरली, रिक्षात बसली आणि वाटेत म्हणाली, “बघ बाय. मी येडी नाय.” एवढंच. तिच्या आवाजात जिंकल्यासारखं काहीच नव्हतं. खरं सांगते, त्या रात्री मला वाटलं, हिला बाहेर नेऊन मी काय साधलं? आधी तिचा नुसता संशय होता. आता तो संशय खरा असू शकतो, हे कंपनीच्या माणसाच्या तोंडून आलं होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही. ऐकलं, की हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. लोक नाटक ऐकायला आले नव्हते, धाकटी परत काय बोलते ते बघायला आले होते. ती नाही म्हटल्यावर अर्धे उठून गेले. हे मला सरांनीच सांगितलं. दोनेक दिवसांनी ते आणि साहेब आमच्या घरी आले तेव्हा.

साहेबांनी ठेकेदाराच्या मागे लागून त्या ओडिशाच्या पोराच्या घरचा फोन मिळवला होता. ते सांगताना त्यांनी दिराकडे बघितलं. दीर दारात उभा. “कशाला आता?” तो म्हणाला. “त्यांना काय सांगायचं? तुमचा आम्ही जाळला?”

“मी बोलते,” धाकटी म्हणाली. नवऱ्याशी थेट बोललेलं वाक्य ते, पावसाळ्यानंतरचं पहिलं.

फोन माझा होता. आवाज मोठा केला आणि मधे ओट्यावर ठेवला. तिकडून मयताचा मोठा भाऊ बोलला. तो सुरतेला कामाला राहून आलेला, त्याला हिंदी येत होतं. धाकटीचं हिंदी म्हणजे आठवडी बाजारात भय्याकडून कांदे घेण्यापुरतं.

“मैं उसकी आई,” ती म्हणाली. “तुम्हारे भाई के साथ था ना, वो मेरा लडका.”

“हाँ माँजी. वो बोलता था घर पे. खाना बाँट के खाते थे दोनों.”

धाकटीने मग विचारलं, “तुमको दिखाया?”

“नहीं माँजी. बक्सा बंद था. बोले, खोलना मत.”

“तुम्हारी माँ को?”

“माँ को भी नहीं.”

दीर दारातून आत आला आणि जमिनीवर बसला. मला वाटलं आता ती सांगणार, पंपाचं, जिन्याचं, वाटून घेतलेल्या शिफ्टचं. ती सगळं सांगून मोकळी झाली असती. तिकडे आणखी एक आई तिच्यासारखी मागच्या दाराला जाऊन बसली असती.  साहेब खाली बघत होते.

धाकटीने विचारलं, “जलाया?”

“हाँ माँजी.”

“अच्छे से जलाया? लकडी पूरी थी? बारिश था ना तब.”

“पूरी थी. गाँव के लोगों ने घर से लाके दी, सूखी लकडी. पूरा गाँव आया था, माँजी. चाचा लोग सब. माँ ने हाथ से चावल बना के रखे.”

“चावल रखे,” ती म्हणाली. मग परत, “चावल रखे ना.” तिने फोन उचलून तोंडाजवळ धरला. “सुनो. तुम्हारी माँ को बोलना. हमने भी अच्छे से जलाया. हमारा भी पूरा गाँव आया था. बाप ने आग दिया, खुद के हाथ से. पानी दिया, तुलसी दिया. कुछ कमी नहीं किया. ऐसा बोलना उसको.”

असं का सांगतेस, हे त्याने विचारलं नाही. तो शहाणा असावा, किंवा त्यालाही आधीपासून काही वाटत असावं. म्हणाला, “बोल दूँगा माँजी.” मग हळू आवाजात, “आप भी खाना खाया करो.” हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

फोन ठेवल्यावर दीर रडायला लागला, बाप्या माणूस मोठ्याने रडतो तसा, ओबडधोबड. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, आतून पाणी आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. हातात नाही दिलं, पुढे ठेवलं. सर आणि साहेब चहा न घेता गेले. मीही आग्रह केला नाही.

बरी झाली का, म्हणाल, तर नाही. जेवते, शेतात येते, दिराशी कामापुरतं बोलते. यंदा वर्षश्राद्ध झालं. भटजींनी संकल्पाला नाव विचारलं तेव्हा दिराने मुलाचं नाव सांगितलं आणि धाकटीने मागून दुसरं नाव सांगितलं, ओडिशाच्या पोराचं. भटजी म्हणाले, “हे कोण? गोत्र काय यांचं?” ती म्हणाली, “गोत्र नाय माहीत. ह्याच्या बरोबर जेवायचा.” भटजींनी दिराकडे बघितलं. दीर म्हणाला, “घ्या.”

आणि आता तिच्या बोलण्यात ‘माझा पोर’ येत नाही. कुणी विषय काढला तर ती ‘पोरं’ म्हणते. पोरं गेली तेव्हा लावणी चालली होती, म्हणते. पोरांना वास सहन व्हायचा नाय.